कंसातला रक्तगट

२००३ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला दौंडमधल्या एका खासगी रुग्णालयात एका बाळंतिणीला बी निगेटिव्ह रक्ताची गरज पडली. रक्तदात्यांच्या छापील यादीत पाहून कवठे येमाईच्या एका तरुणाला बोलावून घेण्यात आलं. दुपारी तो दौंडला पोचला. रक्तपेढीत तपासणी झाली तेव्हा त्याचं रक्त बी पॉझिटिव्ह निघालं. ती यादी जालिंदर कोकरेनं तयार केली होती.

जालिंदर निमोण्याचा. शिरूरच्या बसस्थानकाजवळ पोपटशेठ नावाच्या गृहस्थांचं कॉम्प्युटर सेंटर होतं, तिथं तो नोकरीला होता. सकाळी मुलांना शिकवायचा आणि उरलेल्या वेळात एमआयडीसीतल्या कारखान्यांची, पतसंस्थांची, मंगल कार्यालयांची कामं करायचा. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. बातम्या टाइप करून पाठवायला रोज त्याच सेंटरवर बसायचो, म्हणून त्याची ओळख.

तो उंच होता आणि जरा वाकून चालायचा. शर्टाच्या खिशात कायम एक फ्लॉपी असायची. कुठलंही काम सुरू करण्याआधी मूळ मजकुराची एक प्रत त्या फ्लॉपीवर जायची आणि फ्लॉपी खिशात. खिशावर अधूनमधून हात ठेवून तो ती जागेवर असल्याची खात्री करायचा.

जालिंदर भित्रा होता. सापाला, कुत्र्याला, मालकाला भिणारा नव्हे. त्याचं लहानपण मेंढरांमागं उघड्या माळावर गेलेलं; अंधाराचंही त्याला काही वाटत नसे. तो कॉम्प्युटरला भ्यायचा, आणि तेही कॉम्प्युटर व्यवस्थित चालत असताना. पडद्यावर चुकीची सूचना आली, मशीन बंद पडलं, की त्याचा चेहरा सैल व्हायचा. "वरडलं म्हंजी बरं," तो म्हणायचा. "काय दुखतंय ते कळतं. गप ऱ्हाऊन काम करतंय ना, तवा भ्यावं."

प्रोग्रॅम लिहून झाला की तो चालवायला शेवटचा एंटर तो स्वतः दाबत नसे. खुर्चीतून उठून दारात जायचा, रस्त्याकडं तोंड करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "दाबा कुणीतरी." बहुतेकदा मी दाबायचो. कधी चहावाला पोऱ्या दाबायचा. मागं न पाहता जालिंदर विचारायचा, "किती?" आत किती ओळी गेल्या आणि बाहेर किती आल्या, एवढाच त्याचा प्रश्न असे. आकडे जुळले की तो परत येऊन बसायचा.

"कोकरे," पोपटशेठ म्हणायचे, "बायकोच्या बाळंतपणाला तरी एवढा भ्याला हुता का?"

"तिथं डॉक्टर हुते, शेठ. हितं मीच हाय."

त्याचं खरं कसब होतं ते मजकुरातून हवं तेवढंच उचलण्याचं. कारखान्यातून नावं, पत्ते, फोन सगळं एका ओळीत कोंबलेलं यायचं. हातानं वेगळं करायला आठवडे लागले असते. जालिंदर रेग्युलर एक्सप्रेशन लिहायचा, म्हणजे ओळीत काय आणि कोणत्या क्रमानं शोधायचं त्याचा साचा. साच्यातला जो भाग बाजूला काढून हवा असेल त्याला तो कंस घालायचा. साचा ओळीशी जुळला की कंसांत सापडलेलं ज्याच्या त्याच्या नंबरानं मागता येतं: पहिल्या कंसातलं नाव, दुसऱ्यातलं गाव, तिसऱ्यातला फोन.

हे तो मुलांना शिकवत असताना मी शेजारच्या मशीनवर बसलेलो असे. न्हावऱ्याची मंदा नावाची एक मुलगी त्याला सोडत नसे.

"सर, कंस कशाला? सापडलं म्हंजी सापडलंच की."

"सापडलं, पर हातात काय आलं? आख्खी ओळ. मला तिच्यातला फोन पायजे. मग फोनाला कंस घाल. कंस म्हंजी वाघूर."

शिरूर गावातल्या मुलांना वाघूर माहीत नव्हती. मेंढरं रात्री कोंडायला शेतात उभी करतात ती जाळी, असं त्यानं सांगितलं. "जाळीच्या आत आलं ते आपलं. भाईरचं रानातलं."

"आन् शून्य नंबर म्हणलात, ते काय?"

"शून्य म्हंजी आख्खा कळप. एकपास्नं फुडं एकेक वाघूर. डावीकडनं मोजायची, जिथं कंस उघडतो तिथनं."

आतल्या खोलीतून पोपटशेठांचा आवाज आला, "कोकरे, पोरांनी फी कॉम्प्युटरची भरलीय. मेंढरं फुकटात दाखवा."

मुलं हसली. जालिंदरही हसला आणि फळ्यावरचा कंस पुसून पुन्हा नीट काढला.

एकदा बातमीच्या कामानं निमोण्याला गेलो तेव्हा त्याच्या घरी थांबलो. घराण्यानं भटकंती सोडून बरीच वर्षं झाली होती. विहीर होती, कांदा होता, आणि हौसेपुरती थोडी मेंढरं वडिलांनी ठेवली होती. वडिलांना सगळे आबा म्हणत. आबांनी सकाळी जाळीचं एक टोक उचललं. मेंढरं एकेक करून बाहेर पडू लागली आणि प्रत्येकाच्या पाठीवर हात टेकवत ते मोजत राहिले.

"मी एकदा मोजतो," आबा मला म्हणाले. "ह्यो बारका हुता तवा दोनदा मोजायचा. एक कमी भरलं तर जेवायचा न्हाई."

"एकदा कमी भरलं हुतं, आबा," जालिंदर म्हणाला.

ते घोडनदीच्या काठावरचं. तो आठ-नऊ वर्षांचा होता आणि त्या संध्याकाळी मोजणी त्याची होती. आकडा बरोबर आला असं त्यानं सांगितलं. एक कोकरू मागंच राहिलं होतं. सकाळी ते सापडलं, लांडग्यानं सोडलं होतं तेवढं. आबांनी मुलाला मारलं नव्हतं. "मारून काय करता," ते म्हणाले. "त्याचं त्यानंच बघितलं की. हांबरत बसली हुती त्याची आय." जालिंदर उठून गुळाचा चहा आणायला आत गेला आणि बराच वेळ आला नाही.

पुढचा प्रसंग लग्नाच्या पाकिटांचा. एका मंगल कार्यालयानं आमंत्रणांच्या पाकिटांवर पत्ते छापायला दिले होते. काही नावांआधी श्री. होतं, काहींआधी सौ., काहींआधी काहीच नाही. ते वेगळं काढायला जालिंदरनं साच्याच्या सुरुवातीला आणखी एक कंस वाढवला. सुरुवातीला एक वाढला की पुढच्या सगळ्यांचे नंबर एकानं सरकतात. दुसऱ्याचा तिसरा होतो, तिसऱ्याचा चौथा. पुढचे नंबर बदलायचे राहून गेले. पाकिटांवर नावाच्या जागी श्री. आलं आणि गावाच्या जागी नाव. नवरीमुलीचे वडील गठ्ठा घेऊन सेंटरवर आले.

"मास्तर, ह्ये बघा. तालुका शिरूर, मुक्काम पोस्ट रामदास गेनबा. माझ्या व्याह्याच्या नावाचं गाव वसवलंत तुमी!"

सगळं सेंटर हसलं. जालिंदर हसला नाही. पाकिटं त्यानं स्वतःच्या पगारातून पुन्हा छापून दिली. त्या दिवसानंतर तो कंसांवर बोट ठेवून मोठ्यानं मोजायला लागला, वर्गात मुलं असली तरी. मला म्हणाला, "पत्रकार, ह्ये दिसलं म्हणून बरं. माणसाच्या जागी गाव आलं की कुणालाबी दिसतं. माणसाच्या जागी दुसरा माणूसच आला असता तर?"

रक्तदात्यांच्या यादीचं काम आलं ते यानंतर वर्षभरानं. शिरूर आणि दौंडमधल्या तरुणांच्या एका मंडळानं ते हाती घेतलं होतं. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी कागद फिरवले. ज्यानं त्यानं आपल्या हातानं नाव, गाव, फोन आणि रक्तगट लिहिला. सेंटरवरच्या दोन मुलींनी ते होतं तसं इंग्रजीत टाइप केलं. रक्तगटाप्रमाणं लावून छोटी पुस्तिका छापायची आणि दोन्ही तालुक्यांतल्या रुग्णालयांत फोनजवळ ठेवायची, असं ठरलं. जालिंदरनं पैसे घेतले नाहीत. त्याला काम देताना मंडळाचा अध्यक्ष म्हणाला होता, "एकबी माणूस गळता कामा नये. एखाद्याचा जीव असतो त्याच्यात."

एकही माणूस गळला नाही. मी एंटर दाबला, जालिंदर दारात उभा होता. आत गेलेल्या ओळी आणि बाहेर आलेली माणसं यांचे आकडे तंतोतंत जुळले. पुस्तिका छापून वाटली गेली.

त्या दिवशी दौंडहून फोन आला तेव्हा मी सेंटरवरच होतो. मंडळाचा दौंडचा कार्यकर्ता फोनवर होता आणि त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"कोकरे, ह्यो कवठ्याचा शिवाजी बी पॉझिटिव्ह निघाला की हो! पुस्तकात निगेटिव्ह छापलंय. दुसरा कोण हाय?"

यादीत बी निगेटिव्ह मोजकेच होते. निमोण्याचा एक जण कामाला बाहेरगावी गेलेला, फोन लागत नव्हता. एकानं नुकतंच रक्त दिलेलं. एक जण तापानं आजारी. गाडी पुण्याला पाठवली होती, पण ती परत यायला वेळ होता. चालणारं दुसरं रक्त, ओ निगेटिव्ह, तेही दौंडात नव्हतं. बाई रेल्वेतल्या एका गँगमनची बायको होती. सविता तिचं नाव. पहिलंच बाळंतपण. मूल सुखरूप होतं, पण तिचा रक्तस्राव थांबत नव्हता.

जालिंदरनं शिवाजीची मूळ ओळ उघडली. शेवटी "बी पॉस" असं अक्षरांत टाइप केलेलं होतं. त्याच्या वरची ओळ निमोण्याच्या माणसाची. तिथं बी आणि वजाचं चिन्ह होतं.

"पोरींनी कायतरी चुकीचं टाइप केलं आसंल," पोपटशेठ म्हणाले.

"पोरींनी बरोबर केलंय, शेठ." जालिंदरचा हात खिशावर होता. "म्या केलंय ह्ये."

काय झालं होतं ते त्यानं मला नंतर सांगितलं. इथं सांगणं गरजेचं आहे. त्याचा साचा रक्तगटाचं अक्षर आणि त्यापुढं अधिक किंवा वजा चिन्ह शोधत होता. सापडलं की कंसातलं काढून रक्तगटाच्या खणात ठेवत होता आणि माणूस यादीत लिहीत होता. ज्यांनी चिन्हाऐवजी पॉस किंवा नेग असं अक्षरांत लिहिलं त्यांच्या ओळीशी साचा जुळत नव्हता. जुळलं नाही तर कंसात काहीच येत नाही. पण माणूस गळता कामा नये म्हणून जालिंदरनं तरीही तो यादीत लिहायला सांगितलं होतं. खण रिकामा करायला सांगितलं नव्हतं. खणात आधीच्या माणसाचा रक्तगट तसाच पडून होता आणि तोच पुढच्याच्या नावापुढं गेला. मशीननं कुठलीही सूचना दिली नाही. डोकी बरोबर भरली होती.

शिवाजीला वरच्या माणसाचं निगेटिव्ह लागलं होतं. म्हणजे कुणातरी खऱ्या निगेटिव्हलाही वरच्या माणसाचं काहीतरी लागलेलं असणार, आणि तो यादीत भलत्याच पानावर असणार.

जालिंदरनं दोन ओळी लिहिल्या. साचा जिथं जुळला नाही तेवढीच माणसं पडद्यावर आण, अशा. एंटर त्यानंच दाबला. पडदा भरला आणि वर सरकू लागला.  मंदा त्याच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली होती.

"सर, एवढे?"

तो बोट खाली नेत गेला आणि एका ओळीवर थांबला. बाळू रासकर, इनामगाव, बी नेग. छापील पुस्तिकेत तो ओ पॉझिटिव्हच्या पानावर होता.

फोन इनामगावातल्या किराणा दुकानाचा होता.

"बाळू मळ्यात झेंडू तोडतोय," दुकानदार म्हणाला. "सांजच्याला आला की निरोप देतो."

"निरोप नगं, मामा. पोरगं धाडा आन् त्याला धरून ठिवा. आमी निघालो."

माझ्याकडं मोटारसायकल होती. न्हावऱ्याच्या पुढं आलो तेव्हा मागं बसलेला जालिंदर माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला, "ह्यो एक कळला. त्या बाईला नड पडली म्हणून कळला. पुस्तकं समद्या दवाखान्यांत गेल्यात, पत्रकार."

बाळू वीस-बावीसचा होता. बांधावर फुलांच्या पाट्या भरून ठेवलेल्या. जालिंदर गाडीवरून उतरला आणि रामराम न करता विचारलं, "तुजा रक्तगट काय?"

"बी निगेटिव्ह."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजी? भैनीच्या आपरेशनला दिलं हुतं. तपासूनच घेत्यात की."

"नक्की तूच दिलं हुतं? भावानं न्हाई?"

बाळूनं माझ्याकडं पाहिलं. "मला भाऊ न्हाई. काय हो, काय झालंय काय?"

मी थोडक्यात सांगितलं. त्यानं पाटी खाली ठेवली आणि चपला शोधायला लागला. पण त्याची आई आडवी आली.

"रगात द्यायचंय ना? मग उपाशी पोटी न्हाई. सकाळधरनं उन्हात हाय त्यो. दोन घास खाऊ द्या."

"मावशी, तिकडं बाई..."

"बाईसाठीच म्हणते. ह्यो तिथं घेरी येऊन पडला तर काय माजं रगात घ्याल?"

तिचं बरोबर होतं. बाळूनं भाकरी आणि बेसन उभ्यानंच खाल्लं. जालिंदर बांधावर बसला होता.  मग बाळूनं स्वतःची गाडी काढली, जालिंदर त्याच्या मागं बसला आणि मी त्यांच्या मागून गेलो.

दौंडच्या रक्तपेढीत तंत्रज्ञानं बाळूच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला. जालिंदर खिडकीतून पाहत होता.

"बी निगेटिव्ह," तंत्रज्ञ म्हणाला.

"परत करा."

"दोनदा केलंय. आमचा नियमच हाय तसा."

"तिसऱ्यांदा करा, साहेब. हात जोडतो."

तंत्रज्ञ चिडला. "आणि हे बघा, पेशंटच्या रक्ताशी जुळवल्याशिवाय आम्ही पिशवी देत नाही. तुमच्या पुस्तकावर कुणी रक्त चढवत नसतं."

"चढवत न्हाईत," जालिंदर म्हणाला. "पर बोलावत्यात. तेवढ्यात माणूस जातो."

तंत्रज्ञानं त्याच्याकडं पाहिलं आणि तिसऱ्यांदा केलं. बी निगेटिव्ह. बाकीच्या तपासण्या होऊन पिशवी रुग्णालयात गेली तेव्हा ऊन उतरलं होतं.

सविताचा नवरा दत्ता खोलीबाहेर भिंतीला टेकून उभा होता. डॉक्टरांनी बाहेर येऊन रक्त चालू केल्याचं सांगितलं. अजून काही सांगता येत नाही, असंही म्हणाले. कवठ्याचा शिवाजी तोवर तिथंच थांबला होता. आपलं रक्त का चाललं नाही हे त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि तो घाबरून गेला होता. जालिंदरनं त्याला बाजूला नेऊन सांगितलं की त्याच्या रक्तात काही खोट नाही.

दत्ता पुढं आला आणि जालिंदरचे हात धरले. "दादा, तुमी माणूस शोधून आणला."

"यादी मीच केली हुती," जालिंदर म्हणाला. "चुकीची. ह्यो माणूस सकाळीच यायला पायजे हुता."

"आणला ना पर तुमी."

"तुमाला कळंना. चूक माजी हाय."

"असंल," दत्ता म्हणाला. हात त्यानं सोडले नाहीत. "आत्ता नका बोलू ते. आत्ता हितं उभं ऱ्हावा नुसतं."

जालिंदर उभा राहिला. थोड्या वेळानं पुण्याहून गाडी आली आणि तिच्यातून आणखी रक्त आलं. मी निघालो तेव्हा तो तसाच उभा होता, दत्तापासून हातभर अंतरावर.

रक्तस्राव थांबला. पुढच्या आठवड्यात सविताला घरी सोडलं.

त्या उन्हाळ्यात जालिंदरनं सेंटरची नोकरी सोडली. पोपटशेठांनी त्याला थांबायला सांगितलं होतं. तो रोज एसटीनं कुठल्यातरी गावी जायचा, दवाखान्यांतून जुनी पुस्तकं मागून घ्यायचा आणि यादीतल्या माणसांना गाठून रक्तगट विचारायचा. काही डॉक्टरांनी पुस्तक द्यायला नकार दिला. दुसरी यादी येईपर्यंत ही असू दे, चुकीची तर चुकीची, असं त्यांचं म्हणणं होतं. ते सांगताना जालिंदरचा आवाज खाली जायचा.

मला तो शेवटचा दिसला तो दौंडच्या गाडीत. पावसाळा तोंडावर आला होता. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत जुन्या पुस्तिका. तो आणखी वाळला होता. नव्या यादीत माझं नाव घालू का, असं त्यानं विचारलं. मी घाल म्हटलं.

"रक्तगट?"

"ओ पॉझिटिव्ह."

"कवा तपासला?"

मला आठवेना. कॉलेजात असताना केव्हातरी कुणीतरी सांगितलं होतं, असं मी म्हणालो.

"कागद हाय?"

"नाही."

त्यानं मान हलवली. इनामगाव फाट्याला तो उतरला.

नवी यादी पावसाळ्यानंतर छापून आली. तिच्यात माझं नाव, गाव आणि फोन नंबर बरोबर होता. रक्तगटाची जागा कोरी होती.